दूताचे शौच आणि नियुक्तीचा क्रम

(१)

परराज्यात जाणारा दूत हा केवळ आपल्या सरकारचा नोकर नसतो. ज्या राज्यात तो जातो तेथील लोक त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून आणि पूर्वचरित्रावरून त्याला पाठविणाऱ्या राज्याची पारख करीत असतात. एखाद्या मंत्र्याच्या गैरवर्तनाची किंमत बहुधा त्याचा पक्ष मोजतो. दूताच्या गैरवर्तनाची किंमत संपूर्ण राज्याला मोजावी लागते, आणि तीही परक्याच्या अंगणात. यास्तव दूताची निवड करताना त्याच्या कर्तृत्वाइतकीच त्याच्या शुचितेचीही परीक्षा व्हावी, हे तत्त्व तत्त्व म्हणून कोणीही नाकारीत नाही. मतभेद आहे तो ही परीक्षा कोणी करावी, केव्हा करावी आणि कोणाच्या साक्षीवरून करावी याविषयी.

परराष्ट्रसेवेत आयुष्य घालविलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न तितकासा तीव्र होत नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या गुणदोषांची नोंद वरिष्ठांच्या अहवालांतून झालेली असते आणि त्याच्या हाताखाली काम केलेली माणसे त्याच खात्यात असतात. राजकीय कारणाने निवडलेल्या व्यक्तीची गोष्ट निराळी. तिचे पूर्वचरित्र पक्षात, व्यापारात, निवडणुकीच्या धामधुमीत आणि खाजगी मैत्रीत विखुरलेले असते; ते एकत्र करून पाहण्याची कोणतीही कायमची व्यवस्था खात्यापाशी नसते. म्हणजे अशा व्यक्तीच्या बाबतीत चौकशी अधिक कसोशीने व्हावयास हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते. नियुक्ती करणारा सत्ताधीश त्या व्यक्तीला वर्षानुवर्षे ओळखत असतो, आणि ही ओळखच परीक्षा म्हणून गणली जाते. ओळख आणि परीक्षा यांतील हा घोटाळा राजकीय दूतनियुक्तीच्या दोषांचे मूळ आहे, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत विवेचनासाठी अलीकडील दोन प्रकरणे विशेष उपयुक्त आहेत. लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचे भारतातील अमेरिकन राजदूत म्हणून २०२१ साली झालेले नामनिर्देशन हे त्यांपैकी पहिले, आणि पीटर मँडेलसन यांची वॉशिंग्टन येथील ब्रिटिश राजदूत म्हणून २०२४ च्या अखेरीस झालेली निवड हे दुसरे. पहिल्यात परीक्षा जाहीर होती आणि तिचा अधिकार विधिमंडळाकडे होता. दुसऱ्यात ती गुप्त होती आणि तिचा अधिकार शासनाच्या हाती होता. पहिल्यात नियुक्ती टिकली, दुसऱ्यात ती सात महिन्यांत मोडली. दोन्ही पद्धती इतक्या भिन्न असूनही त्यांत एक समान दोष आढळतो. तो दोष माहितीच्या अभावाचा नसून क्रमाचा आहे.

(२)

या प्रश्नाच्या चर्चेत कौटिलीय अर्थशास्त्राचा आधार घेणे हे प्राचीनाच्या अभिमानाचे द्योतक समजले जाण्याचा संभव आहे. तथापि येथे तो आधार घेण्याचे कारण वेगळे आहे. दूतनियुक्ती आणि शुचिता यांचा जो गुंता आजच्या राज्यव्यवस्थांना नीट सोडविता आलेला नाही, त्याची फोड कौटिल्याने अत्यंत स्पष्टपणे केली आहे. रा. प. कंगले यांनी संपादिलेली आणि मुंबई विद्यापीठाने १९६०, १९६३ व १९६५ या वर्षी तीन भागांत प्रसिद्ध केलेली संहिता, भाषांतर व अभ्यास पाहिल्यास ही फोड पहिल्याच अधिकरणात सलग मांडलेली दिसते.

आठव्या अध्यायात अमात्य कोणातून निवडावेत यावर पूर्वाचार्यांची मते दिली आहेत. भारद्वाजाच्या मते राजाने आपल्या सहाध्यायांना अमात्य करावे, कारण त्यांची शुचिता व सामर्थ्य त्याला ठाऊक असते. विशालाक्षाला हे मान्य नाही; बरोबर खेळलेली माणसे राजाला जुमानीत नाहीत, म्हणून ज्यांची गुपिते राजाला ठाऊक आहेत अशांना नेमावे असे तो सुचवितो. पराशर यावर आक्षेप घेतो की गुपिताचे भय दोहों बाजूंनी असते. राजाचीही गुपिते त्यांना ठाऊक असतात आणि त्या भीतीने तोच त्यांच्यामागे जातो. त्यापेक्षा संकटकाळी प्राण पणाला लावून ज्यांनी साहाय्य केले त्यांना नेमावे. पिशुनाचे उत्तर मार्मिक आहे : ही भक्ती झाली, हा बुद्धीचा गुण नव्हे. मित्र, गुपितांतील भागीदार आणि संकटातील साहाय्यकर्ता हे तिन्ही वर्ग आधुनिक लोकशाहीतील राजकीय नियुक्त्यांत जसेच्या तसे आढळतात. निवडणुकीत राबलेला सहकारी अथवा तीत द्रव्य ओतणारा देणगीदार हा पराशराच्या वर्गातील होय, आणि त्याला राजदूतपद देण्याविरुद्धचा सर्वांत नेमका आक्षेप आजही पिशुनाचाच आहे.

नवव्या अध्यायात गुणांची परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. कुल व मूळस्थान आप्तांकडून जाणावे, विद्या समान विद्या असणाऱ्यांकडून, वक्तृत्व संभाषणातून, धैर्य व सोशिकपणा आपत्तीतून. शुचिता व्यवहारातून जाणावी आणि शील सहवासात राहणाऱ्यांकडून. येथील बारकावा लक्षणीय आहे. प्रत्येक गुणाचा साक्षीदार निराळा आहे. जो माणूस एखाद्याच्या विद्वत्तेची ग्वाही देऊ शकतो तो त्याच्या शीलाची ग्वाही देऊ शकेलच असे नाही. शील ठाऊक असते ते त्याच्या बरोबर राहणाऱ्यांना, म्हणजे पुष्कळदा त्याच्या सेवकांना आणि हाताखालच्या माणसांना.

दहावा अध्याय उपधांचा. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी प्रलोभन दाखवून अमात्याची परीक्षा घ्यावी आणि जो ज्या परीक्षेत शुद्ध ठरेल त्याला त्या प्रकारचे काम द्यावे, असे येथे सांगितले आहे. अर्थाच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला कोशाकडे जावा, धर्माच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला न्यायासनाकडे. चारही परीक्षांत उतरलेलाच मंत्री व्हावा. कपटाने मोहात पाडण्याची ही पद्धती आजच्या नीतीला मानवणारी नाही, आणि स्वतः कौटिल्यालाही तिच्यातील धोका ठाऊक होता : निर्दोषाला दूषित करणे हे पाण्यात विष कालविण्यासारखे आहे आणि एकदा बिघडलेले मन पुन्हा सरळ होईलच असे नाही, असा इशारा त्याने दिला आहे. परंतु पद्धती सोडून दिली तरी तिच्यामागील दोन सूत्रे शिल्लक राहतात. परीक्षा पदावर बसविण्याच्या आधी झाली पाहिजे, हे पहिले. योग्यता आणि शौच यांची परीक्षा भिन्न असून एकीत मिळालेले गुण दुसरीत धरता येत नाहीत, हे दुसरे. सोळाव्या अध्यायात ज्या दूताला पूर्ण अधिकार द्यावयाचे त्याच्या ठिकाणी अमात्याचे सर्व गुण असावेत असे म्हटले असल्यामुळे ही दोन्ही सूत्रे दूतालाही लागू पडतात.

(३)

अमेरिकेच्या राज्यघटनेने राजदूतांच्या नियुक्तीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला, परंतु त्यासाठी सीनेटचा सल्ला व संमती आवश्यक ठरविली. नामनिर्देशित व्यक्तीने सीनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीपुढे बसून प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, ही प्रथा तेथे दृढ आहे. साधारणपणे तीन राजदूतांमागे एक राजकीय नियुक्तीचा असतो असे प्रमाण त्या देशात दीर्घकाळ राहिल्यामुळे या परीक्षेला मोठे महत्त्व आहे.

ही परीक्षा कोणत्या गोष्टी उघड करते आणि कोणत्या झाकून ठेवते हे तिच्या इतिहासावरून कळते. १९५७ साली मॅक्सवेल ग्लक या दुकानमालिकेच्या धनिक मालकाला सिलोनमधील राजदूत म्हणून नामनिर्देशित करण्यात आले. त्याने रिपब्लिकन पक्षाला देणग्या दिलेल्या होत्या. समितीतील विल्यम फुलब्राइट यांनी विचारले असता त्याला सिलोनच्या पंतप्रधानांचे, म्हणजे बंडारनायके यांचे, नाव सांगता आले नाही. वृत्तपत्रांत पुष्कळ थट्टा झाली. तरीही नियुक्ती मंजूर झालीच. योग्यतेचा अभाव चारचौघांत सिद्ध होऊनही निर्णय बदलला नाही, कारण समितीपुढे बसण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्षाचा शब्द गेलेला होता.

पुढे वॉटरगेटच्या चौकशीत या व्यवहाराची दुसरी बाजू बाहेर आली. निक्सन यांचे वकील व निधीसंकलक हर्बर्ट काल्मबाक यांनी १९७४ साली न्यायालयात अपराध कबूल केला. त्यांतील एक अपराध असा होता की १,००,००० डॉलरच्या देणगीच्या बदल्यात, त्रिनिदाद व टोबॅगो येथील तत्कालीन राजदूताला युरोपातील अधिक मानाचे पद देण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते. येथे दूताच्या शौचापूर्वी नियुक्तीचेच शौच नष्ट झाले होते. या अनुभवानंतर १९८० च्या परराष्ट्रसेवा कायद्यात असे घालण्यात आले की राजदूताच्या निवडीत पक्षाला दिलेल्या देणग्यांचा विचार होऊ नये, नामनिर्देशित व्यक्तीने आपण व आपल्या निकटच्या कुटुंबीयांनी पूर्वीच्या चार वर्षांत दिलेल्या देणग्यांचा तपशील सादर करावा आणि त्या व्यक्तीची योग्यता दर्शविणारा अहवाल समितीला दिला जावा. कायदा चांगला आहे. तथापि तो द्रव्याची नोंद करतो. शीलाची नोंद करण्याचे साधन त्यात नाही.

ही उणीव गार्सेटी यांच्या प्रकरणात पूर्णपणे उघडी पडली. गार्सेटी हे बायडन यांच्या २०२० च्या निवडणूक प्रचाराचे सहअध्यक्ष होते. जुलै २०२१ मध्ये त्यांचे नामनिर्देशन झाले. त्यांच्यावर स्वतःच्या गैरवर्तनाचा आरोप नव्हता. आरोप असा होता की महापौरांच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सल्लागार सहकाऱ्यांशी लैंगिक स्वरूपाचे गैरवर्तन करीत असताना ते महापौरांच्या दृष्टीस पडूनही त्यांनी दुर्लक्ष केले. सल्लागाराने आरोप नाकारले. आपल्याला असे काही ठाऊक नव्हते, असे गार्सेटी यांनी डिसेंबर २०२१ मध्ये समितीपुढे सांगितले. या संदर्भातील एक दावा २०२० सालीच न्यायालयात दाखल झालेला होता; म्हणजे नामनिर्देशन झाले तेव्हा प्रश्न अज्ञात नव्हता.

समितीने जानेवारी २०२२ मध्ये नामनिर्देशन पुढे पाठविले. त्यानंतर महापौरांच्याच कार्यालयात पूर्वी जबाबदारीचे पद भूषविलेल्या एका स्त्रीने सीनेटर्सकडे जाऊन उलट साक्ष दिली. रिपब्लिकन सीनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या कर्मचाऱ्यांनी चौकशी करून मे २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. गार्सेटी यांना या वर्तनाची कल्पना असण्याचा अथवा ती असावयास हवी होती याचा संभव अधिक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अध्यक्षीय निवासातून या अहवालाची पक्षीय हल्ला म्हणून संभावना करण्यात आली. मतदान लांबत गेले, काँग्रेसची मुदत संपल्याने नामनिर्देशन रद्द झाले, जानेवारी २०२३ मध्ये ते पुन्हा करण्यात आले. मार्च २०२३ मध्ये समितीने १३ विरुद्ध ८ आणि सीनेटने ५२ विरुद्ध ४२ मतांनी त्याला मान्यता दिली. रिपब्लिकन पक्षाच्या ७ सदस्यांनी अनुकूल आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या ३ सदस्यांनी प्रतिकूल मत दिले, यावरून सर्वच मते पक्षाच्या शिस्तीने पडली असे म्हणता येत नाही. दरम्यान जानेवारी २०२१ पासून दिल्लीतील राजदूताचे पद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते आणि एकामागून एक प्रभारी अधिकारी काम पाहत होते.

आरोप खरे होते की खोटे याचा निर्णय करण्याचे हे स्थान नव्हे. विचारार्ह गोष्ट अशी की वीस महिन्यांच्या काळात तो निर्णय करण्यास समर्थ असे एकही स्थान त्या पद्धतीत नव्हते. सीनेट समितीला प्रश्न विचारण्याचा अधिकार होता, परंतु तिच्यापुढे एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे स्वतः नामनिर्देशित व्यक्ती. शील सहवासात राहणाऱ्यांकडून जाणावे हे सूत्र येथे पाळले गेले नाही. सहवासातील माणसे बोलली, पण समितीने बोलाविल्यामुळे नव्हे. त्यांना विरोधी पक्षाच्या सदस्याचे दार ठोठवावे लागले. आणि त्या दारातून आत जाताच त्यांची साक्ष साक्ष न राहता एका पक्षाचे शस्त्र ठरली. जिने आपले गाऱ्हाणे मांडले तिचे म्हणणे खरे आहे काय, हा प्रश्न मागे पडून ते कोणाच्या फायद्याचे आहे, हा प्रश्न पुढे आला. अखेरीस मतदारांना निवड करावी लागली ती सत्य आणि असत्य यांत नव्हे, तर शंका आणि निकड यांत. भारतासारख्या देशात राजदूत नसणे परवडणारे नाही, हा युक्तिवाद दोन वर्षांच्या विलंबानेच बलवान केला होता. परीक्षा लांबली की परीक्षेविरुद्धचे कारण आपोआप तयार होते; जाहीर परीक्षेचे हे विडंबन नोंदण्यासारखे आहे.

(४)

ब्रिटनमध्ये राजदूताच्या नियुक्तीला पार्लमेंटची संमती लागत नाही. महत्त्वाच्या राजधान्यांत परराष्ट्रसेवेतील अनुभवी अधिकारीच पाठवावयाचे, हा तेथील सामान्य परिपाठ. अपवाद थोडे. पंतप्रधान जेम्स कॅलाहान यांचे जावई पीटर जे यांना १९७७ साली वॉशिंग्टनला पाठविण्यात आले तेव्हा आप्तसंबंधावरून बरीच टीका झाली होती. मँडेलसन यांची निवड ही याच दुर्मीळ परंपरेतील. २० डिसेंबर २०२४ रोजी तिची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला.

त्यांच्या योग्यतेविषयी प्रश्न नव्हता. मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळांत त्यांनी काम केलेले, २००४ ते २००८ या काळात युरोपीय संघाचे व्यापार आयुक्तपद सांभाळलेले. व्यापारविषयक वाटाघाटींत अशा अनुभवाची उपयुक्तता कोणालाही पटण्यासारखी होती. परंतु ते दोनदा मंत्रिपदावरून पायउतार झालेले होते : १९९८ मध्ये सहकारी मंत्र्याकडून घेतलेल्या ३,७३,००० पौंडांच्या अघोषित गृहकर्जावरून, आणि २००१ मध्ये हिंदुजा बंधूंपैकी एकाच्या नागरिकत्वाच्या अर्जासंबंधी झालेल्या वादावरून. या दुसऱ्या बाबतीत पुढे झालेल्या चौकशीने त्यांना दोष दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. याखेरीज जेफ्री एपस्टीन या धनिकाशी त्यांचा स्नेह होता, ही गोष्ट नियुक्तीपूर्वीच वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेली होती. एपस्टीनला २००८ मध्ये फ्लॉरिडात अल्पवयीन मुलीच्या संदर्भातील लैंगिक अपराधासाठी शिक्षा झाली होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने एपस्टीनच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या वेळची शुभेच्छावही प्रसिद्ध केली. तीत मँडेलसन यांचा मजकूर होता. त्यापाठोपाठ २००८ च्या सुमाराचा पत्रव्यवहार वृत्तपत्रांतून बाहेर आला, आणि त्यात त्यांनी एपस्टीनला शिक्षेविरुद्ध झगडण्यास उत्तेजन दिल्याचे दिसून आले. १० सप्टेंबर रोजी पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी कॉमन्स सभेत आपल्या राजदूतावर विश्वास व्यक्त केला. ११ सप्टेंबर रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. या संबंधाची व्याप्ती नियुक्तीच्या वेळी ठाऊक असलेल्यापेक्षा फार निराळी असल्याचे आता आढळले, असे परराष्ट्र खात्याने सांगितले.

यानंतर परराष्ट्र खात्याकडून पार्लमेंटच्या समितीला जो खुलासा देण्यात आला तो या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. घोषणेपूर्वीची चौकशी मंत्रिमंडळ कार्यालयातील औचित्यविषयक विभागाने केली. परराष्ट्र खात्याला त्या टप्प्यावर काहीही विचारले गेले नव्हते. आणि सुरक्षाविषयक सखोल पडताळणी ही घोषणा झाल्यानंतर सुरू झाली. पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये स्टार्मर यांनी कॉमन्स सभेत मान्य केले की एपस्टीनशी शिक्षेनंतरही चालू राहिलेल्या संबंधाचा उल्लेख पडताळणीत होता, त्यावर मँडेलसन यांना प्रश्न विचारण्यात आले होते आणि त्यांनी दिलेली उत्तरे खोटी होती असे आपले म्हणणे आहे.

हा खुलासा काळजीपूर्वक वाचल्यास तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे माहिती होती. ती संपूर्ण नव्हती हे खरे. परंतु सावध माणसाने थांबावे इतकी ती निश्चित होती. दुसरी अशी की ज्याच्याविषयी संशय त्यालाच प्रश्न विचारण्यात आले आणि त्याच्याच उत्तरावर विसंबून निर्णय झाला. शुचिता व्यवहारातून जाणावी, या सूत्राचा अर्थ पत्रे, कर्जे, देणीघेणी आणि येणेजाणे यांची तपासणी करावी असा आहे. संबंधित व्यक्तीचा स्वतःविषयीचा अभिप्राय हे व्यवहाराचे प्रमाण होऊ शकत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची. नाव जगजाहीर करून नंतर पडताळणीस आरंभ केला म्हणजे पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढील प्रश्नच बदलतो. ‘या माणसाला नेमावे काय ?’ हा प्रश्न जाऊन ‘पंतप्रधानांनी ज्याला नेमल्याचे जाहीर केले त्याला अडविण्याइतके काही सापडले आहे काय ?’ हा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नात शंकेचा फायदा राज्याला मिळतो, दुसऱ्यात तो उमेदवाराला मिळतो. घोषणेनंतरची चौकशी ही नावाने चौकशी असली तरी स्वरूपाने समर्थनाची पूर्वतयारी होऊन बसते.

याला जोडून आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. सुरक्षाविषयक पडताळणीचा मुख्य हेतू गुपिते सांभाळण्यास ती व्यक्ती विश्वासार्ह आहे की नाही हे पाहणे, हा असतो. तिच्यावर कोणी दडपण आणू शकेल काय, तिच्या आर्थिक अडचणी काय, परकीयांशी तिचे लागेबांधे कोणते, असे प्रश्न त्यात येतात. हे प्रश्न आवश्यक आहेत. परंतु त्या व्यक्तीने राष्ट्राच्या नावाने बोलणे शोभेल काय, हा प्रश्न त्यांहून निराळा आहे. सुरक्षेच्या चाळणीतून उतरणे म्हणजे शीलाचे प्रमाणपत्र मिळणे नव्हे. गुप्तता व शुचिता यांच्या परीक्षा एकच मानल्यामुळे ‘सर्व योग्य प्रक्रिया पार पडली’ असे समाधान शासनाला अखेरच्या दिवसापर्यंत बाळगता आले.

(५)

भारताच्या दृष्टीने हा केवळ परकीयांच्या इतिहासाचा विषय नाही. आपल्या राज्यघटनेने राजदूतांच्या नियुक्तीला संसदेची संमती आवश्यक ठरविलेली नाही. हा अधिकार पूर्णपणे कार्यकारी शासनाचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत परराष्ट्रसेवेबाहेरील कितीतरी नामवंतांना महत्त्वाच्या राजधान्यांत पाठविण्यात आले. मॉस्को, वॉशिंग्टन व लंडन या तिन्ही ठिकाणी काम केलेल्या विजयालक्ष्मी पंडित, मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदानंतर १९५८ मध्ये वॉशिंग्टनला गेलेले म. क. छागला, ही त्यांतील ठळक उदाहरणे.

लंडनच्या उच्चायुक्तपदाचा त्या काळचा इतिहास या संदर्भात विशेष पाहण्यासारखा आहे. व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कारकीर्दीत, १९४८ साली, सैन्यासाठी जीपगाड्या खरेदी करण्याचा जो करार झाला त्याच्या पद्धतीवर संसदेच्या लोकलेखा समितीने ठपका ठेवला. १९५५ मध्ये शासनाने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मेनन यांच्यानंतर १९५२ मध्ये त्याच पदावर मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांची नेमणूक झाली. दोघेही परराष्ट्रसेवेबाहेरचे, दोघेही राजकारणातून आलेले. पहिल्याची कारकीर्द वादग्रस्त ठरली. दुसऱ्याच्या साधेपणाची व सचोटीची ख्याती त्याच्याबरोबर लंडनला गेली. यावरून राजकीय नियुक्ती ही स्वभावतःच दूषित असते हा समज टिकत नाही. परंतु त्याचबरोबर हेही उघड होते की दोन्ही नियुक्त्यांच्या आधी प्रश्न विचारणारे कोणीही नव्हते. खेरांसारखा माणूस लाभला तो पद्धतीच्या गुणामुळे नव्हे, निवडणाऱ्याच्या दृष्टीमुळे. आणि लोकलेखा समितीने प्रश्न विचारले ते पैसा खर्च झाल्यानंतर. पद्धतीचा कस लागतो तो निवडणाऱ्याची दृष्टी चुकते त्या वेळी.

आंतरराष्ट्रीय विधीत आणखी एक परीक्षा सांगितली आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या चौथ्या कलमानुसार दूत पाठविण्यापूर्वी यजमान राज्याची संमती मिळवावी लागते, आणि ती नाकारल्यास कारण सांगण्याचे बंधन त्या राज्यावर नाही. वरवर पाहता हा शेवटचा पहारेकरी वाटतो. प्रत्यक्षात त्याचा उपयोग मर्यादित आहे. बलाढ्य मित्रराष्ट्राने सुचविलेले नाव नाकारणे हे संबंध बिघडविण्याचे पाऊल मानले जाते, आणि नियुक्त व्यक्ती पाठविणाऱ्या सत्ताधीशाच्या निकटची असेल तर तिच्या दोषांपेक्षा त्या निकटपणाचे मोल यजमान राज्याला अधिक वाटते. गार्सेटी यांच्या बाबतीत अध्यक्षांच्या जवळचा माणूस दिल्लीला लाभतो आहे, हाच विचार भारतीय चर्चेत वारंवार पुढे येत होता. आपल्या राज्याच्या दूताच्या शीलाची जबाबदारी दुसऱ्या राज्यावर टाकता येत नाही, हा यातून निघणारा अर्थ.

(६)

या मीमांसेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की केवळ आरोपावरून एखाद्याला पदापासून वंचित करणे हे न्यायाला धरून नाही. अपराध सिद्ध होईपर्यंत मनुष्य निरपराध मानला पाहिजे. हे तत्त्व शिक्षेच्या बाबतीत निर्विवाद आहे. परंतु राजदूतपद न मिळणे ही शिक्षा नव्हे, कारण त्या पदावर कोणाचाही हक्क नसतो. न्यायालयात शंकेचा फायदा आरोपीला द्यावयाचा, याचे कारण तेथे त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. नियुक्तीच्या वेळी पणाला लागलेली असते राज्याची प्रतिष्ठा, आणि कित्येकदा अशा माणसांचा न्याय की ज्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी दुसरे व्यासपीठ उरलेले नसते. मात्र या आक्षेपात एक सत्यांश आहे. आरोप खोटाही असू शकतो, आणि जाहीर परीक्षेत खोटा आरोपही खऱ्याइतकीच जखम करून जातो. म्हणूनच साक्षी घेण्याचे काम प्रथम पक्षनिरपेक्ष अधिकाऱ्याने, नाव जाहीर होण्यापूर्वी आणि दोन्ही बाजू ऐकून करावयास हवे. उमेदवाराचे संरक्षणही त्यातच आहे. गार्सेटी निर्दोष असतील तर वीस महिन्यांच्या संशयापेक्षा दोन महिन्यांची नीट चौकशी त्यांना अधिक न्याय देणारी ठरली असती.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. इतक्या कडक परीक्षेला सामोरे जाण्यास कर्तृत्ववान माणसे तयार होणार नाहीत आणि राज्य त्यांच्या सेवेला मुकेल, असे म्हटले जाते. मँडेलसन यांची निवड याच युक्तिवादावर उभी होती : धोका आहे, पण माणूस कुशल आहे. येथे योग्यता आणि शौच ही एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घातली गेली, जणू एकाचे वजन वाढले की दुसऱ्याची उणीव भरून निघते. कौटिल्याने या दोहोंसाठी दोन अध्याय लिहिले ते याचसाठी. कुशल पण अशुचि माणसाला त्याच्या मते राज्यात काम मिळू शकते. चारही उपधांत अशुद्ध ठरलेल्यांसाठी त्याने खाणी, अरण्ये व कारखाने यांवरील कामे ठेवली आहेत. फक्त राजाच्या वतीने बोलण्याचे काम त्यांत नाही.

गार्सेटी आणि मँडेलसन या प्रकरणांतून सुधारणेची दिशा पुरेशी स्पष्ट होते. नाव जाहीर करण्याचा अधिकार सत्ताधीशाकडे राहू द्यावा, परंतु पडताळणी पूर्ण झाल्यावाचून तो वापरता येऊ नये. पडताळणी करणारा अधिकारी नियुक्ती करणाऱ्याच्या खाजगी कार्यालयातील नसावा आणि त्याचे प्रतिकूल मत डावलावयाचे असल्यास ते डावलणाऱ्याने आपल्या सहीने कारणे लिहून ठेवावीत. सहवासात राहिलेल्यांना, विशेषतः हाताखाली काम केलेल्यांना, विचारण्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्यावर असावी. त्यांनी स्वतः दारोदार फिरावे अशी अपेक्षा असू नये. यांपैकी एकाही गोष्टीला नवीन घटना अथवा मोठा खर्च लागत नाही. लागतो तो सत्ताधीशाचा एक संयम : आपल्या माणसाचे नाव ओठांवर आले असता ते काही आठवडे ओठांतच ठेवण्याचा. अमेरिकेची जाहीर पद्धती आणि ब्रिटनची गुप्त पद्धती या दोहोंची फसगत झाली ती हा संयम नसल्यामुळे. ज्या राज्यांनी अद्याप कोणतीच पद्धती घडविलेली नाही, आणि भारत त्यांपैकी एक आहे, त्यांना ती घडविताना प्रथम विचार करावा लागेल तो या क्रमाचाच.